रॉड इतक्यात परत करू नका

प्रिय ताई,

मी राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. वय पन्नाशीच्या पुढे. घरात यजमान आणि सासूबाई, मुलगा मुंबईला. माहेरी लहानपणी वडिलांबरोबर गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे पकडायला जायचे. लग्न झालं आणि गरी सुटली. कोणी मनाई केली नव्हती, पण सुनेने काठी घेऊन खाडीवर बसायचं हे मलाच कधी सुचलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एक बाई आमच्या वाडीत कायमच्या राहायला आल्या. बँकेतून निवृत्त, एकट्या. हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला पिसांचं खोटं भक्ष्य बांधून मासे पकडणं, शिकलेल्या. रोज सकाळी जेट्टीच्या बाजूला गुडघाभर पाण्यात उभ्या राहून जाड पिवळी दोरी हवेत मागेपुढे फिरवायच्या. मुलं हसायची. एक दिवस न राहवून मी म्हटलं, "भरती भरल्यावर इथे काही लागायचं नाही, सुकतीला, म्हणजे ओहोटी लागल्यावर, त्या पऱ्याच्या, ओढ्याच्या तोंडाशी उभ्या राहा." दुसऱ्या दिवशी त्यांना तिथे तांबोशी लागली. मग आमची मैत्रीच झाली. तिने मला फ्लाय फिशिंग शिकवलं, आपला एक रॉड दिला. मी तिला गावठी कोंबड्याच्या पिसांच्या फ्लाय बांधून देऊ लागले. अशी मैत्रीण मला शाळा सुटल्यापासून नव्हती.

ती मासा पकडून सोडते. मी घरी नेते, कालवण करते, आणि माझ्या हातचं कालवण ती आवडीने खाते. यावरून कधी वाजलं नव्हतं. दिवाळीनंतर तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या, सगळ्या फ्लाय फिशिंगवाल्या. त्या सकाळी मला दीडेक किलोची तांबोशी लागली. पिशवीत घातली तर सगळ्यांसमोर ती म्हणाली, "अगं, किती वेळा सांगायचं, असा मासा सोडायचा असतो." त्यांच्यातली एक म्हणाली, "इथल्या लोकांना हे कळायला वेळ लागेल." माझी मैत्रीण गप्प राहिली. मी हसून घरी आले.

त्याला महिना होऊन गेला, मी गेलेली नाही. पाठ दुखते म्हणून सांगितलंय. तिचे फोन येतात, दोन शब्द बोलून ठेवते. सासूबाई म्हणतात, बरं झालं, या वयात कसली ती थेरं, आणि दोन-दोन तास उभं राहून कधी कधी रिकाम्या हातानेच यायचं. रॉड महागाचा आहे, तो कोपऱ्यात दिसला की जीव गुदमरतो. परत करून टाकू का? मुळात ती मैत्री होती, की मी तिच्या छंदाला मिळालेली गावातली एक सोबत?

— खाडीकाठची

प्रिय खाडीकाठची,

रॉड परत करू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत आणि खाली सांगते ते एक काम करेपर्यंत तरी नाही. तुम्ही पाठदुखीचं कारण दिलं आहे. त्यावर रॉड परत गेला तर तिला वाटेल, बिचारीला आता जमत नाही. तुमच्या मनात काय सलतंय ते तिला कधीच कळणार नाही, आणि तुमची सकाळ मात्र कायमची जाईल. लग्नानंतर एकदा तुमच्या हातून गरी सुटली, तेव्हा कोणी काढून घेतली नव्हती, हे तुम्हीच लिहिलं आहे. या वेळीही कोणी काढून घेत नाहीये. म्हणून मला जास्त काळजी वाटते.

त्या सकाळी दोन गोष्टी एकत्र घडल्या आणि तुमच्या मनात त्यांची गाठ बसली. एक माशाची, दुसरी त्या पाहुणीच्या वाक्याची. माशाबद्दल तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, त्याकडे येते मी. पण पाहुणी "इथल्या लोकांना" म्हणाली तेव्हा ती गप्प बसली, हे चुकलं. ते तिला तुमच्या तोंडून कळायला हवं.

किती चुकलं ते सांगते. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि दोरा गळावर बांधून केलेलं खोटं भक्ष्य. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून ते आपल्या जोराने लांब जात नाही. वजन असतं त्या जाड दोरीला. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे सोडायची, की टोकाची फ्लाय आपसूक पाण्यावर जाते. हे शिकायला महिने लागतात आणि ते तिने तुम्हाला शिकवलं. पण फ्लाय जाऊन पडायची कुठे? सुकतीला पऱ्याचं पाणी खाडीत ओढलं जातं, त्याबरोबर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, वाहत येते आणि तिच्यासाठी तांबोशी तोंडाशी दबा धरून असते, हे तीर्थनच्या काठावर तिला कोण सांगणार होतं? मागून येणारी दोरी सुरूच्या फांदीत अडकू नये म्हणून कुठे उभं राहायचं, चिखल कुठे पाय धरतो, कुठल्या दगडांवर कालवं आहेत आणि पाय कापेल, कुठल्या तिथीला पाणी किती वाजता फिरेल, हे सगळं तिच्याकडे तुमच्याकडून आलं. ती मोबाइलवर भरतीची वेळ बघत असेल. तुमचे वडील तिथीची पाऊणपट करून सांगत असतील, अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. आणि त्या फ्लायही तुम्हीच बांधल्यात, करंदी कशी दिसते आणि पाण्यात कशी मागे सरकते हे डोळ्यांनी पाहिलेल्या बाईने.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे मला फार आवडतं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी ज्या जुन्या नटव्या फ्लाय बांधत, त्यांत रानकोंबड्याच्या मानेची पिसं मानाची समजत. तो राखाडी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला, पहाटे जंगलातून ज्याची बांग ऐकू येते तोच. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या पिसांना हात लावता येत नाही. तुमच्या परसातल्या गावठी कोंबड्याची पिसं पुरेशी आहेत. त्या पाहुण्यांपैकी कोणाच्या दोरीला त्या दिवशी तुम्ही बांधलेली फ्लाय होती का, हे मला विचारावंसं वाटतं. असेल तर "इथल्या लोकांना" हे वाक्य किती उथळ होतं ते तुमच्या मैत्रिणीला त्याच क्षणी समजायला हवं होतं.

तुम्ही विचारता, मैत्री होती का. मला विचाराल तर होती, आणि आहे. साठीच्या घरातली, निवृत्त, चार पैसे बाळगून असलेली बाई एका अनोळखी बाईने काठावरून ओरडून सांगितलेली जागा दुसऱ्या दिवशी जाऊन धरते. आपल्याला येतं ते सगळं शिकवते, रॉड देते, तुमच्या घरचं जेवते. तुम्ही महिनाभर टाळताय तरी फोन करते. नुसत्या सोबतीसाठी कोणी एवढं करत नाही. मग त्या दिवशी काय झालं? जुन्या मैत्रिणींसमोर माणूस पुष्कळदा जुनं होतं. त्यांच्या मंडळात मासा सोडणं हा शिष्टाचार आहे. आपल्या बरोबरची बाई तो पाळत नाही याचा तिला संकोच वाटला असणार, आणि तो लपवायला ती तुमच्यावर घसरली. हे मी समजून घेण्यासाठी सांगते आहे. यामुळे तिचं गप्प बसणं माफ होतं असं मला वाटत नाही.

आता मासा.

ती जिथे शिकली तिथे मासा सोडण्याला अर्थ आहे. हिमाचल-काश्मीरच्या नद्यांत ट्राउट इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेला, थंड पाण्यात मोजक्या ठिकाणी टिकणारा. तिथे परवाना काढून मासे पकडतात, किती न्यायचे त्यालाही मर्यादा असते. महसीर या नदीतल्या मोठ्या माशाचंही तसंच, तो सोडूनच द्यायचा ही चाल गळवाल्यांत आता रुजली आहे. आपल्या खाडीत मासा पिढ्यान्‌पिढ्या ताटासाठीच धरला गेला. गरीवर आलेला एक मासा कालवणाला नेणाऱ्या बाईने खाडी रिकामी होत नाही, आणि त्याची लाज तुम्ही अजिबात बाळगू नका. तुमच्या घरी बसून तेच कालवण खाणाऱ्या मैत्रिणीने आपला मासा खुशाल सोडावा, तो तिचा आनंद. तुम्हाला उपदेश करण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

पण तांबोशीच्या बाबतीत तिचं ऐका असं मी तुम्हाला सांगेन. तांबोशीची पिल्लं खाडीत येतात, कांदळाच्या मुळांत वाढतात, वर्षानुवर्षं तिथे काढतात, आणि मोठी झाली की बाहेर समुद्रात खडकाळ तळाकडे जातात. अंडी तिथे घालतात. म्हणजे खाडीत मिळणाऱ्या दीड किलोच्या तांबोशीने बहुधा एकदाही अंडी घातलेली नसतात. जिताड्याचं उलट आहे. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे फार मोठा जिताडा म्हणजे जवळपास नेहमी मादी, आणि ती लाखोंनी अंडी घालते. तेव्हा माझं मत विचाराल तर तांबोशी सोडावी, मोठा जिताडा सोडावा, मधला जिताडा घरी न्यावा, आणि बोय, काळुंदर, मुडदुशे यांचं कालवण निश्चिंत मनाने करावं. हे तिने तुम्हाला पऱ्याच्या तोंडाशी उभं राहून दोघीच असताना समजावलं असतं, तर तुम्ही हसत मान्य केलं असतं याची मला खात्री आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी सरकार बंद ठेवतं, ते माशांच्या विणीसाठीही. आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, गाभोळीचा मासा हातात आला की त्यांच्या मनात येतंच काहीतरी.

आणि सोडायचाच, तर नीट सोडायला हवा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून बसवायचा. हात ओले करून धरायचं, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतात. खेळवत बसायचं नाही, पटकन आणायचा. शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही, तोंड प्रवाहाकडे करून धरायचा आणि त्याने स्वतः शेपूट मारली की सोडायचा. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना तर फारच जपून. फोटोसाठी पाचजणींच्या हातांतून फिरलेला मासा सुटला तरी जगेलच असं नाही. त्या सकाळी असं काही झालं असेल, तर तेही मैत्रिणीजवळ बोलण्याजोगं आहे, पण त्या पहिल्या बोलण्यात नको.

सासूबाईंच्या "थेरं" या शब्दावर मी जरा थांबणार आहे, कारण तो तुमच्या गावातल्या आणखी बऱ्याच जणांच्या मनात असेल. कोकणातली बाई खाडीत उतरते यात नवं काय आहे? ओहोटीला चिखलात वाकून मुळे, तिसऱ्या असल्या शिंपल्या काढणाऱ्या बायकाच असतात. दगडावरची कालवं खरवडून हातांची सालटी निघतात, तीही बायकांचीच. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. यांना कोणी हसत नाही, कारण त्यातून घरात काहीतरी येतं. बाई काम म्हणून कंबरभर पाण्यात उभी राहिली तर चालतं. तिला तिथे बरं वाटतं म्हणून उभी राहिली की कुजबुज सुरू होते. तुमच्या सासूबाईंनी स्वतः आयुष्यात एक तास असा घेतला असेल असं मला वाटत नाही, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. त्यांना एवढंच सांगा, "मला तिथे बरं वाटतं, आठवड्यातून दोन सकाळी मी जाणार." कारण देऊ नका, मासे आणते असंही सांगू नका, नाहीतर रिकाम्या हाताने आलेल्या प्रत्येक दिवशी हिशेब द्यावा लागेल. त्या दोन सकाळचा चहा यजमान करतील. त्यांच्याबद्दल तुम्ही तक्रारीचं एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यावरून मला वाटतं की करतील.

तुम्ही दोघी जगावेगळं काही करत नाही. फ्लाय फिशिंग पुष्कळ वर्षं पुरुषांचा प्रांत मानला गेला, त्यांच्या क्लबांत बायकांना जागा नसे. न्यूयॉर्कच्या बायकांनी १९३२ साली आपला वेगळा क्लब काढला, वुमन फ्लायफिशर्स क्लब. १९९६ मध्ये अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात एक डॉक्टर आणि एक फ्लाय फिशिंगमधली जाणकार, अशा दोघींनी मिळून 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था सुरू केली. स्तनांच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांना ती मोफत काही दिवस नदीकाठी नेते. दोरी टाकताना खांदा आणि हात ज्या हलक्या लयीत हलतात, ती हालचाल शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या उपयोगाची ठरते, हा त्यामागचा विचार. पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की खोलीत समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते पाण्याकडे बघत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या बायका बोलून जातात. तुम्हालाही मी तिथेच बोलायला सांगणार आहे.

तर करायचं ते असं. तिला फोन करा. पाठ दुखत नाही, दुखत नव्हती, हे फोनवरच सांगून टाका. "मला तुझ्याशी बोलायचंय, खाडीवर ये, दोघीच," एवढं म्हणा. दिवस षष्ठीच्या आसपासचा धरा. पहाटे साडेचारच्या सुमारास भरती भरते, उजाडता सुकती चालू असते. भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती-ओहोटी, जवळ आल्याने पाण्याला ओढ कमी, आणि मासा लागण्याची घाई दोघींनाही नसेल. उधाणाच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा तुमचं दोघींचं लक्ष पाण्यात असणार. थंडीत सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो तोवर उभं राहायलाही बरं, दुपारी समुद्राचा वारा सुटला की ऐकूही येत नाही.

रॉड जोडण्याआधी बोला. मी तुमच्या जागी असते तर हे म्हटलं असतं: "त्या दिवशी तू मला सगळ्यांसमोर बोललीस, ते मी गिळलं असतं. पण ती बाई 'इथल्या लोकांना' म्हणाली आणि तू गप्प बसलीस. तू मला तुझ्या बरोबरीची समजत नाहीस असं मला वाटलं." मग थांबा. "जाऊ दे गं, मीच मनाला लावून घेते" हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, ते बोलू नका. आपण बायका आपलं दुखणं सांगतो आणि लगेच स्वतःच त्याच्यावर पांघरूण घालतो. तिला उत्तर द्यायला वेळ द्या. माशाचा विषय त्या दिवशी काढू नका. तांबोशी सोडायची की नाही हे पुढच्या खेपेला ठरवा, आणि ठरवाल तेव्हा दोघींसाठी एकच नियम ठरवा, पाहुण्या आल्या तरी तोच.

आणखी एक सुचवते. या तीन वर्षांत तुम्ही तिच्या रॉडने मासेमारी केलीत, तिने तुमच्या गरीने केली का? पत्रात तसं काही नाही. तिला एक दिवस साधी काठी, गरी आणि सुंगटं देऊन धक्क्यावर बसवा. बोय पकडायला लावा. तिला ते पहिल्या दिवशी जमणार नाही, शिकवावं लागेल, आणि तुम्ही नुसतं जागा दाखवण्यापलीकडे कधी तिच्या गुरू झाला नव्हता. पकडलेला मासा तिनेच साफ करावा, तुम्ही वाटण घाला. रॉडचं ओझं तुम्हाला वाटतं ते पैशाचं नाही, शिकणारी नेहमी तुम्हीच होतात असं वाटल्याचं आहे. ते असं उतरेल.

ती ऐकून घेईल असं मला वाटतं. पण समजा तिने हसण्यावारी नेलं, किंवा "तू फार हळवी आहेस" म्हणाली, तर त्या दिवशी भांडू नका, घरी या आणि आठवडाभर थांबा. काही माणसांना आपली चूक कबूल करायला एक रात्र लागते, काहींना आठ दिवस. त्यानंतरही ती तिथेच अडून बसली, तर रॉड तेव्हा परत द्या, स्वतः नेऊन द्या आणि कारण सांगून द्या. पण खाडी सोडू नका.

तोवर त्या रॉडला असा कोपऱ्यात ठेवू नका. सांधे सुटे करा, गोड्या पाण्याने धुवा, रील उघडून पुसा आणि सावलीत वाळवा. खाऱ्या हवेत महिनाभर पडलेलं रील आतून गंजायला लागतं.

फोन आज संध्याकाळीच करा. मेसेज पाठवू नका, फोनच करा.

तुमची,
ताई